ब्लेंडरमधला कॅमेरा: घरांच्या अंतर्गत सजावटीसाठी चार वर्षे वापरल्यानंतर

कोल्हापुरातील राजारामपुरीत माझे इंटिरिअर डिझाइनचे छोटे कार्यालय आहे आणि गेली चार वर्षे ग्राहकांना दाखवायची बहुतेक सगळी थ्रीडी चित्रे मी ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये तयार करते. सध्या माझ्या संगणकावर ४.५ ही दीर्घ मुदतीच्या पाठबळाची आवृत्ती आहे. ब्लेंडरबद्दल लिहिण्यासारखे पुष्कळ आहे, परंतु येथे मी फक्त त्यातील कॅमेऱ्याविषयी लिहिणार आहे, कारण आमच्या व्यवसायात सर्वाधिक दुर्लक्ष त्याच्याकडेच होते. लॅमिनेटचा पोत, टाइलची चकाकी, पडद्याच्या चुण्या यांवर आठवडा घालवणारे आम्ही लोक कॅमेरा मात्र दोन मिनिटांत कोपऱ्यात उभा करतो, आणि ग्राहक त्या चित्रावरून आयुष्यभराच्या घराचे निर्णय घेतो.

हे मी माझ्याच चुकीतून शिकले. नागाळा पार्कातील एका सदनिकेचे स्वयंपाकघर ८ फूट रुंद आणि १० फूट लांब होते. सगळे एकाच चित्रात मावावे म्हणून मी लेन्स १६ मिमीवर नेली; हा आकडा जितका लहान, तितके दृश्य रुंद. चित्र देखणे आले. त्या घरातल्या वहिनींनी ते पाहून ओट्याच्या शेजारी दोन दारांचा मोठा फ्रीज घ्यायचे नक्की केले. नकाशावर मापे स्पष्ट लिहिली होती, पण ग्राहक नकाशा वाचत नाही, चित्र पाहतो. फ्रीज आला, त्याचे दार उघडल्यावर ओट्यापुढे माणूस उभा राहीना, आणि वहिनी एवढेच म्हणाल्या, ‘‘अहो, चित्रात तर केवढी जागा दिसत होती हो!’’ तो कोपरा मी स्वखर्चाने बदलून दिला. त्यानंतर कॅमेऱ्याची प्रत्येक सेटिंग नीट समजून घेतल्याशिवाय एकही चित्र कार्यालयाबाहेर पाठवायचे नाही, असे ठरवले.

त्या चुकीमागचे गणित सोपे आहे. ब्लेंडरच्या कॅमेऱ्यात सेन्सरची रुंदी मुळात ३६ मिमी आणि लेन्सची फोकल लेंथ (मघाचा मिमीचा आकडा) ५० मिमी असते, म्हणजे पस्तीस मिमी फिल्मच्या जुन्या कॅमेऱ्याचेच प्रमाण येथे धरले आहे. या प्रमाणात ५० मिमीचा आडवा दृश्यकोन सुमारे ४० अंश येतो, ३५ मिमीचा ५४, २४ मिमीचा ७४, आणि १८ मिमीचा बरोबर ९० अंश. आता दहा फूट अंतरावरच्या आठ फुटी भिंतीकडे १६ मिमीने पाहिले, तर ती भिंत चित्राच्या रुंदीच्या जेमतेम एक तृतीयांश भाग व्यापते. ५० मिमीच्या चित्रात तीच भिंत एवढी लहान दिसायला कॅमेरा सुमारे एकतीस फूट दूर न्यावा लागेल. म्हणजे चित्र पाहणाऱ्याच्या मनात दहा फुटांचे स्वयंपाकघर तीस फुटांचे होते. यात सॉफ्टवेअरची काहीच चूक नाही, त्याने यथार्थदर्शनाचे नियम काटेकोर पाळलेले असतात. चूक लेन्स निवडणाऱ्याची असते.

म्हणून फोकल लेंथच्या बाबतीत मी आता ठाम झाले आहे. दिवाणखाना आणि शयनगृह यांसाठी ३५ मिमी, लहान स्वयंपाकघरासाठी २८ मिमी, आणि २४ च्या खाली काहीही झाले तरी नाही. ब्लेंडरमध्ये हे मूल्य मिलिमीटरऐवजी थेट दृश्यकोनाच्या अंशांतही देता येते. मापाची एकके फूट आणि इंचांत ठेवता येतात, आणि लेन्स तरीही मिलिमीटरमध्येच राहते. कोल्हापुरात मिस्त्रीपासून फर्निचरवाल्यापर्यंत सगळा व्यवहार फुटांत चालतो, त्यामुळे ही सोय मला फार मोलाची वाटते.

यावर कोणीही विचारेल, की दहा फुटांच्या खोलीत ३५ मिमीने सगळे मावणार कसे? ब्लेंडरचा कॅमेरा मला खऱ्या कॅमेऱ्यापेक्षा अधिक उपयोगी वाटतो तो येथेच. छायाचित्रकार भिंतीच्या आत अडकलेला असतो. आपण भिंतीबाहेर उभे राहू शकतो. समोरच्या भिंतीपासून साडेबारा फुटांवर, म्हणजे मागच्या भिंतीच्या आतल्या बाजूपासून अडीच फूट मागे कॅमेरा ठेवायचा आणि ‘क्लिप स्टार्ट’ हे मूल्य मूळच्या ०.१ मीटरवरून ०.८ मीटरवर न्यायचे. कॅमेऱ्यापासून तेवढ्या अंतरातले काहीही चित्रात येत नाही, त्यामुळे मधली भिंत नाहीशी होते. मात्र ती भिंत खोलीतून जात नाही. सायकल्स या रेंडर इंजिनात, म्हणजे मॉडेलपासून अंतिम चित्र तयार करणाऱ्या ब्लेंडरच्या भागात, क्लिपिंगचा परिणाम फक्त कॅमेऱ्यातून निघणाऱ्या किरणांवर होतो. भिंतीवरून परतणारा प्रकाश, तिची सावली, समोरच्या आरशातले तिचे प्रतिबिंब हे सर्व जसेच्या तसे राहते. भिंत पुसून टाकून काढलेल्या चित्रात बाहेरचा उजेड आत घुसतो आणि खोली खोटी दिसते. क्लिपिंगमध्ये ते होत नाही.

एक अडचण मात्र आहे. क्लिपिंगचा छेद कॅमेऱ्याच्या नजरेला काटकोनात असतो, त्यामुळे कॅमेरा थोडा तिरपा वळवला की छेदही तिरपा होतो आणि भिंतीबरोबर जवळच्या कपाटाचा एखादा कोपराही कापला जातो. अशा वेळी मी भिंत स्वतंत्र वस्तू म्हणून ठेवते आणि तिच्या ‘रे व्हिजिबिलिटी’ या गटातील कॅमेऱ्यापुढची खूण काढून टाकते. मग ती भिंत कॅमेऱ्याला दिसत नाही, पण प्रकाशासाठी आणि आरशासाठी जागेवरच असते. नव्याने शिकणाऱ्यांना मी आधी ही दुसरी पद्धतच शिकवते, कारण तिच्यात चुकायला फारशी जागा नाही.

लेन्सनंतर येतो तो कॅमेऱ्याचा कल. वरचा लॉफ्ट आणि खालचा ओटा दोन्ही दिसावेत म्हणून बहुतेक जण कॅमेरा खाली किंवा वर झुकवतात, आणि मग खोलीच्या उभ्या कडा एकमेकींकडे झुकतात. कपाटाची दारे पडायला आल्यासारखी दिसतात. यावरचा उपाय म्हणजे कॅमेऱ्याचे एक्स अक्षाभोवतीचे वळण बरोबर ९० अंश, म्हणजे नजर जमिनीला समांतर, ठेवायचे आणि वरखाली पाहण्यासाठी ‘शिफ्ट वाय’ वापरायचे. इमारतींची छायाचित्रे काढणारे लोक ज्या सरकत्या लेन्ससाठी मोठी रक्कम मोजतात, तिचेच काम हा एक आकडा करतो. कॅमेरा सपाटच राहतो, चित्राची चौकट तेवढी वर किंवा खाली सरकते आणि सगळ्या उभ्या रेषा ओळंब्यात राहतात. मूल्य किती द्यावे याचा अंदाज मात्र सुरुवातीला चुकतो, कारण शिफ्टचे एकक चित्राच्या मोठ्या बाजूवर मोजले जाते. १९२० बाय १०८० च्या आडव्या चित्रात ०.१ एवढी शिफ्ट म्हणजे १९२ पिक्सेल, आणि ते उंचीच्या जवळजवळ १८ टक्के होतात. मी सहसा ०.०५ च्या आतच राहते. कॅमेऱ्याची उंची जमिनीपासून सव्वाचार ते साडेचार फूट ठेवते. ओट्याचा पृष्ठभाग दिसतो आणि छतही अंगावर येत नाही.

चित्राच्या आकाराबाबत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ग्राहकांना चित्रे मोबाइलवरच पाहायची असतात, म्हणून उभी चित्रेही द्यावी लागतात. ‘सेन्सर फिट’ मूळच्या ‘ऑटो’वर असेल, तर ३६ मिमी हे माप मोठ्या बाजूला लागू होते. आडवे चित्र उभे केले, की ५४ अंशांचा कोन उंचीला मिळतो आणि रुंदीला केवळ ३२ अंश उरतात. अर्धे कपाट चौकटीबाहेर जाते आणि कारण कळत नाही. हे कारण समजण्यात माझी एक पूर्ण संध्याकाळ गेली होती.

आता एक्स्पोजर. ब्लेंडरच्या कॅमेऱ्यावर माझा खरा आक्षेप येथे आहे. ज्याने हाताने फोटो काढले आहेत, त्याला अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ, म्हणजे लेन्सचे छिद्र, प्रकाश आत येण्याचा वेळ आणि सेन्सरची संवेदनक्षमता, या तिघांचे नाते ठाऊक असते. व्ही-रे या दुसऱ्या रेंडर सॉफ्टवेअरच्या फिजिकल कॅमेऱ्यात हे तिन्ही आकडे चित्राचा उजेड ठरवतात. ब्लेंडरमध्ये तसे नाही. येथे एफ-स्टॉप हे छिद्राचे मूल्य फक्त पुढची-मागची धूसरता ठरवते, ते २.८ वरून ८ वर नेले तरी चित्र किंचितही काळवंडत नाही. शटर आणि आयएसओ यांना उजेडासाठी जागाच नाही. उजेड कमीजास्त करायचा तर दोन वेगळ्या ठिकाणी जावे लागते: सायकल्सच्या ‘फिल्म’ विभागातील एक्स्पोजर, जो साधा गुणक आहे, आणि ‘कलर मॅनेजमेंट’मधील एक्स्पोजर, जो स्टॉपमध्ये मोजला जातो आणि ज्यात १ ने वाढ म्हणजे दुप्पट उजेड. एकाच नावाच्या दोन सेटिंग्ज दोन वेगळ्या मोजमापांत असणे ही रचना मला अजूनही पटलेली नाही. व्यवहारात मी पहिलीला हात लावत नाही. दुसरीचा फायदा असा, की चित्र तयार झाल्यानंतरही ती बदलता येते आणि पुन्हा रेंडर करण्याचे तास वाचतात. मात्र ती पीएनजी आणि जेपीईजीमध्येच उतरते. ईएक्सआर या प्रकारच्या चित्रफाइलमध्ये मूळ प्रकाश तसाच जतन होतो, हे छपाईसाठी फाइल पाठवताना विसरू नये.

याहून मोठी गैरसोय अशी, की एक्स्पोजर आणि चित्राचा आकार या दोन्ही गोष्टी कॅमेऱ्याच्या मालकीच्या नाहीत, त्या संपूर्ण दृश्याच्या आहेत. एकाच दिवाणखान्याची दोन चित्रे घ्या, एक खिडकीकडे पाहणारे आणि दुसरे खिडकीकडे पाठ करून टीव्हीच्या भिंतीकडे पाहणारे. भर दुपारी बाहेरचा उजेड सुमारे १ लाख लक्स असतो आणि खोलीत काही शे लक्स. या दोन चित्रांना एकच एक्स्पोजर चालणे शक्यच नाही. प्रत्येक कॅमेऱ्याला स्वतःचे एक्स्पोजर देण्याची सोय नसल्याने एक तर दृश्याची प्रत काढावी लागते किंवा फ्रेमनुसार, म्हणजे टाइमलाइनवरील चित्राच्या क्रमांकानुसार, एक्स्पोजरची किल्ली, म्हणजे कीफ्रेम, बसवावी लागते. मी दुसरा मार्ग वापरते. तो चालतो, पण नवशिक्याला तो सुचणार नाही.

पश्चिमेकडच्या खोल्यांच्या बाबतीत तर सूर्य कोठून येतो हे ठरवल्याशिवाय एक्स्पोजरला हात लावण्यात अर्थ नाही. ‘सन पोझिशन’ या पूरक साधनात कोल्हापूरचे अक्षांश १६.७ आणि रेखांश ७४.२ भरले, तारीख आणि वेळ दिली, की सूर्य त्याच्या जागी जाऊन बसतो. त्याच्या अचूकतेची परीक्षा मी अंबाबाई मंदिरातील किरणोत्सवाच्या, म्हणजे मावळतीचे किरण मूर्तीपर्यंत पोहोचतात त्या दिवसांच्या, तारखा घालून घेतली. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दोन्ही वेळी मावळतीचा सूर्य पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेला, जवळजवळ एकाच जागी यायला हवा, आणि तो तसाच आला. ज्या कारागिरांनी ते मंदिर बांधले, त्यांनी हे सारे डोळ्यांनी आणि दोरीने साधले होते, हा विचार तेव्हा मनात आल्याशिवाय राहिला नाही.

उजेडाचे रंगांत रूपांतर कसे होते, हाही कॅमेऱ्याचाच भाग समजायला हवा, कारण ग्राहकाची तक्रार येथूनच सुरू होते. ब्लेंडर ४.० पासून ‘एजीएक्स’ हे रूपांतर मुळात निवडलेले असते. खिडकीतील झगझगाट ते फार सुंदर सावरते, पण भडक रंग थोडे फिके करते. नमुना पुस्तिकेतील लाल लॅमिनेट चित्रात विटकरीकडे झुकलेले दिसते. ‘स्टँडर्ड’ निवडले तर रंग जवळचा येतो, पण खिडकी पांढरीफटक होते. ४.२ मध्ये आलेले ‘ख्रोनोस पीबीआर न्यूट्रल’ हे रूपांतर वस्तूचा मूळ रंग राखण्यासाठीच तयार केलेले आहे आणि माझ्या अनुभवात लॅमिनेट आणि टाइलच्या जवळच्या चित्रांसाठी तेच सर्वांत विश्वासू आहे. दिवाणखान्याच्या मोठ्या चित्राला मी एजीएक्स आणि साहित्याच्या चित्राला न्यूट्रल वापरते, आणि तरीही नमुन्याचा खरा तुकडा ग्राहकाच्या हातात दिल्याशिवाय रंग पक्का करत नाही. व्हाइट बॅलन्सची सोयही आता कलर मॅनेजमेंटमध्येच मिळते. ३००० केल्विनच्या पिवळ्या पट्ट्या लावलेल्या फॉल्स सीलिंगखाली पांढरी भिंत पांढरी दिसावी यासाठी ती उपयोगी आहे, पण ती इतकी वापरू नये की दिव्याचा पिवळेपणाच नाहीसा व्हावा. ग्राहक तो पिवळेपणा पैसे देऊन विकत घेत असतो.

डेप्थ ऑफ फील्ड, म्हणजे पुढची-मागची धूसरता, हिच्याविषयी थोडक्यात सांगते. खोलीच्या चित्रात ती बंदच ठेवावी. ३५ मिमी लेन्स, एफ ८ आणि तीन मीटरवर फोकस ठेवला, तर सुमारे दोन मीटरपासून सात मीटरपर्यंत सगळे स्पष्टच येते, म्हणजे खोलीत धूसर व्हायला काही उरत नाही. कपाटाची मूठ किंवा देवघराची जाळी यांच्या जवळच्या चित्रात ८५ मिमी आणि एफ २.८ शोभून दिसते. मात्र मॉडेल खऱ्या मापात असले पाहिजे. दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून आणताना एकके चुकली, तर धूसरता एक तर नाहीशी होते किंवा सगळे घर खेळण्यातले दिसू लागते.

हाताळणीत ब्लेंडर सुरुवातीला परके वाटते, हे मान्य करायला हवे. कॅमेऱ्यातून पाहण्यासाठी आकड्यांच्या पॅडवरील शून्य दाबायचे असते आणि पुष्कळ लॅपटॉपवर ते पॅडच नसते. त्यासाठी प्रेफरन्सेसमध्ये ‘एम्युलेट नमपॅड’ चालू करावे लागते. ‘लॉक कॅमेरा टू व्ह्यू’ चालू केले, की आपण खोलीत फिरू तसा कॅमेरा मागोमाग येतो. ही सोय अत्यंत सुखाची आणि तितकीच धोक्याची आहे, कारण ती बंद करायची राहिली तर माउसच्या एका धक्क्याने तासभर जुळवलेली चौकट बिघडते. चौकट ठरली की कॅमेऱ्याची जागा आणि वळण यांपुढची कुलपे लावून टाकावीत. एक तृतीयांशाच्या मार्गदर्शक रेषा कॅमेऱ्याच्या ‘व्ह्यूपोर्ट डिस्प्ले’ विभागात आहेत.

अनेक कॅमेऱ्यांचे काम मात्र ब्लेंडरने फार चांगले सोडवले आहे. टाइमलाइनवर प्रत्येक कॅमेऱ्याची खूण ठेवून कंट्रोल आणि बी दाबले, की तो कॅमेरा त्या फ्रेमशी बांधला जातो. पाच खोल्यांचे पाच कॅमेरे पाच फ्रेमना बांधून रात्री रेंडर लावून घरी गेले, की सकाळी पाच चित्रे तयार असतात. प्रत्येक फ्रेम स्वतंत्र चित्र म्हणून साठत असल्याने मध्यरात्री वीज गेली तरी तोवर झालेली चित्रे सुरक्षित राहतात. सायकल्समध्ये कॅमेऱ्याचा प्रकार ‘पॅनोरॅमिक’ आणि त्यात ‘इक्विरेक्टँग्युलर’ निवडून ४०९६ बाय २०४८ चे चित्र काढले, तर मोबाइल फिरवून चारी बाजूंनी खोली पाहता येते. घरातील वृद्धांना मी आता सपाट चित्राऐवजी हेच दाखवते. त्यांना खोली लगेच समजते.

किमतीबद्दल सांगायचे तर ब्लेंडर विनामूल्य आहे आणि जीपीएल या मुक्त परवान्याखाली त्याचा कोड सर्वांसाठी खुला आहे. २००२ मध्ये वापरकर्त्यांनी १ लाख युरो गोळा करून त्याचे हक्क मोकळे करून घेतले होते. कोल्हापूरसारख्या शहरात, जेथे दोन खोल्यांच्या कामाचे थ्रीडीचे पैसे ग्राहकाला वेगळे द्यायचे नसतात, तेथे दरवर्षी परवान्याची रक्कम न भरता एवढा सक्षम कॅमेरा मिळणे ही नवोदितांसाठी मोठीच गोष्ट आहे. याच शहरात बाबूराव पेंटर यांनी परदेशी कॅमेऱ्यावर अवलंबून न राहता स्वतःचा कॅमेरा घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली. रंगमंचाचे पडदे रंगवून आलेल्या त्या चित्रकाराला लेन्स आणि यथार्थदर्शन यांचे नाते पुस्तकाशिवाय कळले होते. आमच्या क्षेत्रातील मुलामुलींनी निदान एकदा, सॉफ्टवेअर उघडण्यापूर्वी, खऱ्या कॅमेऱ्याने आपल्याच घराचे स्वयंपाकघर टिपून पाहावे, असे मला मनापासून वाटते.

एक्स्पोजरच्या विखुरलेल्या सेटिंग्ज आणि कॅमेऱ्यागणिक चित्राचा वेगळा आकार ठेवण्याच्या सोयीची उणीव या दोन कारणांसाठी मी या कॅमेऱ्याला पाचपैकी चार गुण देईन. ज्यांना फोटोग्राफीची ओळख नाही आणि आजच्या आज चित्र हवे आहे, त्यांनी हे सॉफ्टवेअर घाईत निवडू नये. ज्यांच्याकडे महिनाभर शिकण्याची तयारी आहे, त्यांनी दुसरे काही घेण्याआधी हेच वापरून पाहावे.

आणखी एक सेटिंग सांगायची राहिली, जी मी सर्वांत शेवटी शोधली आणि आता सर्वांत आधी चालू करते. आउटपुटच्या ‘मेटाडेटा’ विभागात ‘बर्न इंटू इमेज’ या पर्यायाखाली कॅमेऱ्याचे नाव आणि लेन्स चित्रावरच छापता येते. कॅमेऱ्याचे नावच मी ‘दारातून, उंची साडेचार फूट’ असे ठेवते. सध्या रुईकर कॉलनीतील एका घराचे काम सुरू आहे. तेथील आजोबा मोबाइल हातात घेऊन त्या दारात उभे राहिले, डोळ्यांसमोर चित्र धरले, मग खाली घेतले, पुन्हा धरले, आणि म्हणाले, ‘‘पलंग खिडकीकडं सहा इंच सरकवा की.’’ टेपने मोजून पाहिले. सहाच इंच सरकवायला हवा होता.